सरहद्दीपलीकडचा गॅस आणि पुण्याची भट्टी

पुण्याच्या गल्लोगल्ली खणून पिवळ्या नळ्या पुरण्याचे काम गेली पंधरा-सोळा वर्षे चालू आहे. गेल आणि भारत पेट्रोलियम या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून २००६ साली महाराष्ट्र नॅचरल गॅस ही कंपनी उभी केली. तिच्याकडे पुणे आणि पिंपरी-चिंचवडला नळाने गॅस पुरवण्याचे काम आले. रिक्षा सीएनजीवर गेल्या, नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत सीएनजी किटचा धंदा उभा राहिला, हॉटेले आणि बेकऱ्यांपर्यंत नळी आली. आता आमचे व्यापारी व कारागीर वाचक आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. भट्टी गॅसवर घ्यावी की नाही? आणि घेतली तर उद्या भाव कुठे जाईल?

या प्रश्नाचे उत्तर पुण्यात मिळत नाही. त्यासाठी इराणच्या किनाऱ्यापर्यंत आणि तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटापर्यंत जावे लागते. शेजारी देशांतून जमिनीखालून नळ टाकून भारतात गॅस आणायचा, ही योजना तीस वर्षांहून जुनी आहे. त्यावर करार झाले, कोनशिला बसल्या, मंत्र्यांचे दौरे झाले. भारतात मात्र त्या नळातून आजवर एक घनमीटरही गॅस आलेला नाही. या न आलेल्या गॅसची किंमत घरातल्या शेगडीपेक्षा दुकानातल्या भट्टीला जास्त मोजावी लागते, हे फार थोड्यांच्या लक्षात आले आहे. म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

एका साठ्याचे दोन काठ

इराण आणि कतार यांच्यामधल्या समुद्राखाली जगातील सर्वांत मोठा वायूसाठा आहे. इराणच्या बाजूला त्याला दक्षिण पार्स म्हणतात, कतारच्या बाजूला नॉर्थ फील्ड. नावे दोन, साठा एकच. दोन भावांच्या वाटणीत एकच विहीर यावी, तसा हा प्रकार आहे.

इराणच्या काठावरून पाकिस्तानमार्गे भारतात नळ आणण्याची कल्पना १९८९ च्या सुमारास पुढे आली. इराणचे अली शम्स अर्दकानी आणि आपल्याकडचे राजेंद्र पचौरी या दोघांनी ती मांडली. १९९३ साली भारत व इराण यांच्यात प्राथमिक करार झाला आणि १९९५ साली इराण व पाकिस्तान यांच्यात. नळाची लांबी सुमारे २,७७५ किलोमीटर. दक्षिण पार्समधून निघायचे, बलुचिस्तान ओलांडायचे आणि राजस्थान किंवा गुजरातमार्गे भारतात शिरायचे. तेथून पुढे देशभर पसरलेल्या गेलच्या जाळ्यात हा गॅस मिसळला असता. गॅसला पासपोर्ट नसतो. एकदा मिसळला की कोणत्या देशाचा रेणू कोणाच्या भट्टीत जळला, हे कोणी सांगू शकत नाही. हिशेब फक्त कागदावर राहतो.

१९९९ च्या कारगिल युद्धानंतर ही बोलणी थंडावली. २००४ साली मणिशंकर अय्यर पेट्रोलियम मंत्री झाले आणि त्यांनी हे काम पुन्हा जोमाने उचलले. वर्तमानपत्रांनी या नळाला ‘शांतीची वाहिनी’ असे नाव दिले. पण त्याच सुमारास, म्हणजे २००५ साली, भारत आणि अमेरिका यांच्यात अणुकराराची बोलणी सुरू झाली होती. अमेरिकेला इराणशी असा व्यवहार नको होता आणि तिने ते लपवलेही नाही. सप्टेंबर २००५ मध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीत भारताने इराणविरुद्ध मत दिले. जानेवारी २००६ मध्ये अय्यर यांच्याकडून खाते गेले आणि मुंबईचे मुरली देवरा आले.

बोलणी तरीही चालू राहिली. पण घोडे दोन ठिकाणी अडले होते, भाव आणि मार्गशुल्क. आपल्या जुन्या वाचकांना जकात नाका आठवत असेल. माल कुणाचाही असो, नाका ज्याच्या ताब्यात, त्याला पैसे मोजल्याशिवाय गाडी पुढे जात नसे. पाकिस्तानच्या भूमीतून नळ जाणार म्हणून पाकिस्तानला भाडे हवे होते आणि किती, यावर एकमत होईना. भावाचे म्हणाल तर २००७ साली ठरलेल्या सूत्राप्रमाणे, खनिज तेल पिंपाला ६० डॉलर असताना, इराण-पाकिस्तान सरहद्दीवर गॅसचा दर ४.९३ डॉलर निघत होता. हा दर ज्या मापाचा आहे त्याला व्यापारात ‘एमएमबीटीयू’ म्हणतात. आमच्या वाचकांसाठी सोपे करून सांगायचे तर हे एक माप म्हणजे १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरमध्ये जितकी धग असते तितकी, किंबहुना थोडी जास्त. हे माप ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

२००८-०९ मध्ये भारत या बोलण्यांतून बाजूला झाला. तसे जाहीरपणे कधी म्हटले नाही, पण बैठकांना जाणे थांबले. त्याचे एक कारण क्वचितच सांगितले जाते. एप्रिल २००९ मध्ये आंध्रच्या किनाऱ्याजवळ कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील रिलायन्सच्या विहिरींतून गॅस निघू लागला होता आणि दिल्लीत समज झाला होता की आता देशातच मुबलक गॅस आहे. वर्षभरात तेथील उत्पादन दिवसाला सुमारे ६ कोटी घनमीटरपर्यंत गेले आणि मग अवघ्या तीन वर्षांत कोसळले. ज्याच्या भरवशावर शेजाऱ्याशी बोलणे सोडले, तो भरवसाच आटला.

इराण आणि पाकिस्तान यांनी जून २००९ मध्ये दोघांपुरता करार केला. मार्च २०१३ मध्ये अहमदीनेजाद आणि झरदारी या दोन राष्ट्राध्यक्षांनी सरहद्दीवर एकत्र येऊन कामाचा शुभारंभ केला. इराणने आपल्या बाजूचा नळ बहुतांश टाकला. पाकिस्तानने आपल्या वाट्याचे सुमारे ७८० किलोमीटरचे काम अमेरिकी निर्बंधांच्या भीतीने लांबवत नेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने ग्वादरपासून सरहद्दीपर्यंतचा ८० किलोमीटरचा तुकडा मंजूर केला, तोसुद्धा इराणकडून भरपाईची टांगती तलवार असल्यामुळे.

खानदेशातली नव्हे, ही दुसरी तापी

दुसरी योजना ‘तापी’. नाव ऐकून जळगाव-भुसावळच्या वाचकांना आपली नदी आठवेल, पण ही तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि इंडिया या चार नावांची आद्याक्षरे आहेत. लांबी १,८१४ किलोमीटर, नळाचा व्यास ५६ इंच. दहा वर्षांचे मूल त्यात ताठ उभे राहील, एवढा तो रुंद. तुर्कमेनिस्तानच्या गल्किनिश क्षेत्रातून निघून हेरात, कंदाहार, क्वेट्टा, मुलतानमार्गे पंजाबातील फाझिल्का येथे तो भारताला टेकायचा. वर्षाला ३३ अब्ज घनमीटर गॅस वाहून नेण्याची त्याची क्षमता आणि त्यातला मोठा वाटा भारत आणि पाकिस्तान यांचा, सारखा-सारखा.

१९९० च्या दशकात युनोकॉल नावाची अमेरिकी कंपनी याच मार्गाने नळ टाकायला निघाली होती. ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेने अफगाणिस्तानवर क्षेपणास्त्रे डागली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने अंग काढून घेतले. मग डिसेंबर २०१० मध्ये अश्गाबादला चार देशांचा करार झाला. १३ डिसेंबर २०१५ रोजी तुर्कमेनिस्तानात मारी शहराजवळ कामाचा मुहूर्त झाला, त्याला आपले तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी हजर होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये अफगाण हद्दीतील कामाचा पुन्हा एक समारंभ झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तालिबान सरकार आणि तुर्कमेनिस्तान यांनी सरहद्दीपासून हेरातपर्यंतच्या तुकड्याचे काम परत हाती घेतले. फाझिल्का मात्र तोवर दूरच राहिले होते.

तिसरा विचार होता ओमानहून थेट समुद्राखालून. पाकिस्तानची जमीन टाळायची म्हणून हा मार्ग. पण अरबी समुद्र या वाटेवर साडेतीन किलोमीटर खोल आहे. १९९० च्या दशकात एवढ्या खोलीवर नळ टाकण्याचे तंत्र कुणाजवळ नव्हते आणि योजना गुंडाळली गेली. पुढे तंत्र सुधारले तसा तो विचार अधूनमधून डोके वर काढतो. चौथी योजना म्यानमारहून बांगलादेशमार्गे. २००५ साली तिन्ही देशांचे मंत्री रंगूनला बसले, बांगलादेशने आपल्या काही मागण्या पुढे ठेवल्या, आपण त्यावर विचार करत राहिलो आणि म्यानमारचा गॅस २०१३ पासून चीनला जाऊ लागला. या बाबतीत आम्हाला दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही.

आणि गंमत पाहा. भारताच्या सरहद्दी ओलांडणारे इंधनाचे नळ आहेत, नाहीत असे नाही. पण ते बाहेर जाणारे आहेत आणि त्यांतून गॅस नव्हे, तर डिझेलसारखे तयार इंधन जाते. बिहारमधील मोतिहारीहून नेपाळच्या अमलेखगंजला ६९ किलोमीटरचा नळ सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. सिलिगुडीहून बांगलादेशातील पार्बतीपूरला १३१ किलोमीटरचा नळ मार्च २०२३ मध्ये. शेजाऱ्याच्या हातात आपला नळ असला की काय धाकधूक वाटते, हे आपण पाकिस्तानच्या बाबतीत बोलतो. २०१५-१६ मध्ये सरहद्दीवर महिनोन् महिने टँकर अडकले तेव्हा तीच धाकधूक नेपाळी व्यापाऱ्याने आपल्या बाबतीत अनुभवली.

भांडण असले तरी नळ चालतो का?

हा या विषयातील खरा मुद्दा आहे आणि त्यावर भावनेने नव्हे, तर उदाहरणे पाहून बोलले पाहिजे.

कतारहून अबू धाबीपर्यंत समुद्राखालून ३६४ किलोमीटरचा डॉल्फिन नावाचा नळ २००७ पासून चालू आहे. जून २०१७ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने कतारशी सारे संबंध तोडले. विमाने बंद, जहाजे बंद, सरहद्द बंद. जानेवारी २०२१ पर्यंत हा बहिष्कार चालला. या साडेतीन वर्षांत गॅस एक दिवसही थांबवला गेला नाही. कतारने पैसे घेतले, अमिरातीने दिवे लावले. युक्रेनमधून युरोपला जाणारा रशियाचा गॅस तर दोन्ही देशांचे रणांगणावर युद्ध चालू असताना जवळजवळ तीन वर्षे वाहत होता. १ जानेवारी २०२५ रोजी करार संपला तेव्हा तो थांबला.

पण दुसऱ्या बाजूचीही उदाहरणे आहेत. अल्जीरियाहून मोरोक्कोमार्गे स्पेनला जाणारा नळ पंचवीस वर्षे चालला आणि ऑक्टोबर २०२१ अखेर दोन शेजाऱ्यांच्या भांडणात बंद झाला. आपल्याकडे सिंधू जलकराराचा दाखला नेहमी दिला जाई. १९६० चा करार, १९६५, १९७१ आणि १९९९ अशी तीन युद्धे पचवून टिकला, मग नळ का टिकणार नाही, असा हा युक्तिवाद. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने तो करारही स्थगित ठेवला. अटारीचा व्यापारही तेव्हाच बंद झाला. त्यामुळे पाकिस्तानातून येणाऱ्या कोणत्याही नळाचे नाव घेणे त्या घटनेनंतर आणखी अवघड झाले, हे मान्य करावे लागेल.

आमचे मत असे की नळ आपोआप शांतता आणत नाही. ज्या दोन शेजाऱ्यांना बंद नळाचा तोटा सारखाच होतो, त्यांचा नळ टिकतो. अमिरातीला गॅस हवा होता आणि कतारला आपला शब्द मोडणारा विक्रेता म्हणवून घ्यायचे नव्हते. भारत आणि पाकिस्तान यांनी १९९० च्या दशकात तसा परस्पर फायद्याचा धागा विणायला सुरुवात केली असती तर आज काय झाले असते, याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. तो व्यापाराचा विषय होता आणि व्यापाऱ्यांना त्यात कोणी विचारले नाही, एवढे मात्र खरे.

नळ नाही, म्हणून जहाज

तर इराणच्या काठावरून गॅस आला नाही. मग पुण्यात जळतो तो कुठला? त्यातला बराचसा त्याच साठ्याच्या दुसऱ्या काठावरचा, कतारचा. १९९९ साली पेट्रोनेट कंपनीने कतारशी पंचवीस वर्षांचा करार केला. वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप गॅस. २००४ पासून तो गुजरातच्या दहेज बंदरात उतरू लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये हाच करार २०२८ पासून पुढे आणखी वीस वर्षांसाठी वाढवला गेला.

गॅस जहाजातून आणायचा तर तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव करावा लागतो. त्यामुळे त्याचे आकारमान सहाशेपटीने घटते. मग खास बांधणीच्या जहाजात भरायचा, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून काढायचा, दहेजला उतरवून पुन्हा वायू करायचा आणि नळात सोडायचा. थंड करण्याच्या कामातच साठ्यातून काढलेल्या गॅसचा सुमारे दहावा हिस्सा खर्च होतो. जमिनीवरून दोन-अडीच हजार किलोमीटर अंतराला नळ हा जहाजापेक्षा स्वस्त पडतो, असे या धंद्यातले लोक मानतात. आपण जे जास्तीचे पैसे मोजतो ते या द्राविडी प्राणायामाचे.

महाराष्ट्राने स्वतःचे बंदरही उभारून पाहिले. एन्रॉनचे नाव वाचक विसरले नसतील. दाभोळच्या वीज प्रकल्पाचा दुसरा टप्पा ओमान आणि अबू धाबीच्या द्रवरूप गॅसवर चालायचा होता. १९९९ साली पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला, २००१ साली बंद पडला आणि दुसरा टप्पा अर्धवट राहिला. पुढे सरकारी कंपन्यांनी तो ताब्यात घेतला आणि गॅस उतरवण्याचा धक्का २०१३ साली सुरू झाला. पण लाटा अडवणारा बांध अपुरा असल्यामुळे त्यानंतरही अनेक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाज लागत नसे. बहमनी आणि आदिलशाही काळात याच दाभोळ बंदरात इराण-अरबस्तानचे घोडे उतरत. तेव्हाचे खलाशी पावसाळ्याचा हिशेब करून निघत. एकविसाव्या शतकातही तोच हिशेब करावा लागला.

जहाजाच्या गॅसचा भाव किती उसळ्या घेतो ते आता वर सांगितलेल्या मापाने पाहू. आशियाच्या खुल्या बाजारात मे २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, एका मापाचा भाव २ डॉलरच्या आसपास होता. म्हणजे एका व्यापारी सिलिंडरइतकी धग दीडशे रुपयांत. युक्रेन युद्धानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये तोच भाव ५० डॉलरच्या वर गेला. तीच धग, चार हजार रुपये. दीर्घ मुदतीच्या कराराचा गॅस इतका उसळत नाही, कारण तो खनिज तेलाच्या भावाशी बांधलेला असतो. पण २०२२ साली पूर्वी रशियाच्या मालकीच्या असलेल्या एका कंपनीने गेलला ठरलेली जहाजे देणे थांबवले तेव्हा तोही आधार काही काळ सुटला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नळ आला असता म्हणजे गॅस स्वस्त झाला असता, असे आपोआप होत नाही. इराणचे सूत्रही तेलाच्या भावाशी बांधलेले होते. जुलै २००८ मध्ये तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेले. त्या भावाने ४.९३ डॉलरचा आकडा कुठल्या कुठे गेला असता. नळाचा फायदा निराळा. जहाज जास्त पैसे देणाऱ्याकडे तोंड फिरवू शकते, जमिनीत पुरलेला नळ तोंड फिरवू शकत नाही. २०२२ साली युरोपने चढ्या भावाने जहाजे पळवली तेव्हा हा फरक सर्वांना कळला.

घरचा भाव वेगळा, भट्टीचा वेगळा

आता पुण्याकडे येऊ. देशात निघणारा स्वस्त गॅस सरकार वाटून देते आणि त्यात पहिला मान घरगुती नळाचा आणि वाहनांच्या सीएनजीचा. या गॅसचा दर सरकार ठरवते. एप्रिल २०२३ मध्ये किरीट पारीख समितीच्या शिफारशीनंतर त्यावर ६.५० डॉलरची कमाल मर्यादा घातली गेली, एप्रिल २०२५ मध्ये ती ६.७५ झाली. पण हॉटेल, बेकरी, लाँड्री, पावडर कोटिंग, ओतकाम, म्हणजे व्यापारी आणि औद्योगिक ग्राहक, या रांगेत नाहीत. त्यांचा गॅस मुख्यतः जहाजाने आलेला, बाजारभावाचा.

म्हणून म्हटले की न आलेल्या नळाची किंमत भट्टी मोजते. घरातल्या चुलीवर आणि दुकानातल्या भट्टीत एकाच पिवळ्या नळीतून गॅस येतो, पण हिशेबात एक देशातला आणि दुसरा परदेशातला.

सीएनजीवाल्यांनाही पूर्ण संरक्षण नाही. १ एप्रिल २०२२ पासून राज्य सरकारने व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून ३ टक्के केला तेव्हा पुण्यात सीएनजी किलोला बासष्ट रुपयांच्या आसपास उतरला. रिक्षावाल्यांनी सुटकेचा श्वास घेतला. त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत तो नव्वदीला टेकला. स्वस्त गॅस पुरेना म्हणून त्यात आयातीचा मिसळावा लागला, हे त्याचे कारण. २०२४ च्या अखेरीस शहर कंपन्यांचा स्वस्त गॅसचा वाटा पुन्हा कापला गेला.

कॅम्पातील एका बेकरीमालकाशी आमचे याबद्दल बोलणे झाले. त्यांच्याकडे लाकडाची भट्टी आहे, वडिलांच्या वेळची. आम्ही विचारले, “चाचा, गॅसला हरकत काय आहे? धूर नाही, राख नाही, पहाटे तीनला उठून भट्टी तापवायला नको.” ते म्हणाले, “हरकत काही नाही. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात लाकडाचा भाव काय चाललाय ते मला कानावर येतं. गॅसचा भाव कुठल्या देशात काय झालं म्हणून वाढला, ते मला बिल आल्यावर कळतं. पावाचा भाव मला तसा रोज बदलता येत नाही.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पण लाकडालाही दिवस थोडे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर आणण्याचे आदेश दिले आणि महापालिकेने नोटिसा काढल्या. जे आज मुंबईत, ते उद्या पुण्यात, हा आजवरचा अनुभव आहे.

सक्तीने गॅसवर गेलेल्यांचे पुढे काय होते, याची दोन उदाहरणे आपल्यासमोर आहेत. गुजरातेत मोरबीच्या टाइल कारखान्यांना मार्च २०१९ मध्ये हरित लवादाने कोळशाच्या भट्ट्या बंद करायला लावल्या. सारे गॅसवर गेले. २०२२ साली भाव भडकला तेव्हा त्यांतल्या अनेकांनी गॅस सोडून प्रोपेन घेतला, कारण त्यांच्यापाशी तेवढे भांडवल आणि तेवढी जागा होती. दुसरे उदाहरण फिरोजाबादचे. तेथील काचेच्या आणि बांगड्यांच्या भट्ट्या, ज्यांवर हजारो मुस्लिम कारागिरांची घरे चालतात, ताजमहालाच्या संरक्षणासाठी डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कोळशावरून हटवल्या गेल्या. पण तेथे न्यायालयाच्या सक्तीबरोबर सरकारी दराच्या देशी गॅसचा वाटाही मिळाला. त्यामुळे तो धंदा टिकला.

बेकरीवाल्यांच्या संघटनांनी फिरोजाबादचा हा दाखला हाती घ्यावा, असे आम्हाला वाटते. हवा स्वच्छ करायची म्हणून भट्टी बदलायची असेल तर ते सार्वजनिक काम झाले. मग पाव भाजणाऱ्याला खुल्या बाजारातील जहाजाचा भाव का? घरगुती आणि सीएनजी यांच्या रांगेत लहान बेकऱ्यांना जागा मागणे गैर नाही. पुण्यातील सर्व बेकऱ्या मिळून जो गॅस लागेल तो शहराच्या सीएनजीपुढे किरकोळच ठरेल.

जोडणी घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पहिली तुलनेची. १९ किलोच्या सिलिंडरची धग नळाच्या साधारण २४ ते २५ घनमीटर गॅसइतकी असते. सिलिंडरच्या भावाला २४ ने भागा आणि नळाच्या दराशी ताडून पाहा. विक्रेता देतो त्या तक्त्यापेक्षा हा हिशेब स्वतः केलेला बरा. सिलिंडरही पूर्ण देशी नाही, एलपीजीपैकी सुमारे साठ टक्के बाहेरून येतो आणि तोही बराचसा त्याच आखातातून.

दुसरी कराची. सिलिंडरवर जीएसटी आहे आणि त्याची वजावट मिळते. नैसर्गिक वायू २०१७ पासून जीएसटीच्या बाहेरच ठेवला आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि तो तुमच्या जीएसटीतून वजा होत नाही. ज्यांचा माल करमुक्त आहे किंवा जे ठोक कराच्या योजनेत आहेत त्यांना वजावट तशीही नसते, त्यामुळे त्यांना याने फरक पडत नाही, इतरांना पडतो. दर ताडून पाहताना हे धरा.

तिसरी किमान उठावाची. आंतरराष्ट्रीय करारांत ‘माल घ्या नाहीतर पैसे भरा’ अशी अट असते. २०१५ साली कतारचा गॅस महाग पडला म्हणून पेट्रोनेटने तो कमी उचलला, तेव्हा दंड सुमारे बारा हजार कोटी रुपये होत होता. कतारने तो माफ केला आणि भावही कमी केला, कारण त्याला मोठे गिऱ्हाईक तोडायचे नव्हते. तुमच्या दुकानाच्या करारात अशी किमान आकारणी असली तर ती माफ करायला कोणी बसलेले नाही. रमजानात भट्टी दिवसरात्र चालते आणि ईद झाल्यावर कारागीर गावी जातात तेव्हा काही दिवस बंद असते. ते दिवस धरून आकडा लिहा.

चौथी, दर किती दिवसांनी बदलतो आणि बदलण्याआधी किती दिवस कळवले जाते, हे लेखी घ्या. नळी आत आली म्हणून जुनी भट्टी लगेच फोडू नका. एक पावसाळा दोन्ही चालवून पाहा, कारण ओल्या लाकडाचा खरा खर्च पावसाळ्यातच कळतो.